‘परत दे’ म्हणणारे गाणे : ढाक्याच्या ‘माइल्स’ बँडची साडेचार दशके

मे २००४ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयात एक वेगळाच दावा दाखल झाला. वादी होता ढाक्याचा एक बँड, नाव ‘माइल्स’. तक्रार होती मुंबईत तयार झालेल्या ‘मर्डर’ या हिंदी चित्रपटातल्या एका गाण्याबद्दल. ही चाल आमची आहे, आमच्या ‘फिरिये दाओ’ या गाण्यावरून ती उचलली आहे, असे बँडचे म्हणणे होते. न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन ते गाणे चित्रपटातून काढायला आणि त्याच्या कॅसेट-सीडींची विक्री थांबवायला सांगितले. ‘फिरिये दाओ’ या बंगाली शब्दांचा अर्थ ‘परत दे’ असा होतो.

वर्तमानपत्रांत ही बातमी आली आणि गेली. हिंदी चित्रपटसंगीतावर चाली उचलल्याचे आरोप नेहमीचेच, त्यामुळे कोणाला त्यात विशेष वाटले नाही. मला मात्र दाव्यातल्या दोन नावांनी थांबवले. हामिन अहमद आणि शाफिन अहमद हे माइल्सचे दोन प्रमुख गायक सख्खे भाऊ, आणि त्यांच्या वडिलांचे नाव कमल दासगुप्ता. जुन्या तबकड्या गोळा करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे नाव नवे नव्हते. चित्रपटाच्या ध्वनिफिती काढणारी कंपनी होती सारेगामा. म्हणजे २००० सालापर्यंत जिचे नाव ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया होते आणि जिला आपण सारे ‘एचएमव्ही’ म्हणून ओळखतो, तीच. कमल दासगुप्तांनी आयुष्यातली सगळ्यात भरभराटीची वर्षे याच कंपनीसाठी चाली बांधण्यात घालवली होती. बापाने ज्या कंपनीला चाली दिल्या, तिच्याविरुद्ध मुलांना एका चालीसाठी न्यायालयात जावे लागले. त्यामुळे माइल्सचा इतिहास सांगायचा तर १९७९ पासून सुरुवात करून भागत नाही, चाळीस वर्षे मागे जावे लागते.

तबकडीवरचे घर

कमल दासगुप्ता हे नाव आज महाराष्ट्रात फारसे कोणाला आठवत नाही. त्यांच्या चाली मात्र अनेकांच्या कानात आहेत. १९४२ च्या ‘जवाब’ चित्रपटातले कानन देवींचे ‘तूफान मेल’ त्यांचे. मुंबईला येण्यापूर्वी तलत महमूद कोलकात्यात गात होते, तेव्हाचे त्यांचे सर्वात गाजलेले गैरफिल्मी गीत ‘तसवीर तेरी दिल मेरा बहला न सकेगी’ हेही त्यांचेच. ज्या घरांत पहाटे रेडिओवर जुथिका राय यांची मीराभजने ऐकली जात, त्या घरांनी कमल दासगुप्ताच ऐकले. जगमोहन यांच्या हळुवार गीतांमागेही बहुतेक वेळा तेच असत. गाणाऱ्याचे नाव लोकांच्या तोंडी राहिले, चाल बांधणाऱ्याचे राहिले नाही.

बंगालीत त्यांचे स्थान याहून मोठे आहे. काझी नजरुल इस्लाम यांनी लिहिलेल्या अनेक गीतांना त्यांनी चाली दिल्या. १९४२ नंतर नजरुल असाध्य आजाराने मूक झाले आणि ती गाणी जिवंत ठेवायचे काम इतरांवर आले. त्यात फिरोजा बेगम यांचे नाव पहिल्या रांगेत घ्यावे लागते. फरीदपूरच्या एका मुस्लिम घरातली ही मुलगी लहान वयात कोलकात्याला आली, एचएमव्हीसाठी गाऊ लागली आणि पुढे नजरुलगीतांची सर्वात मान्यवर गायिका झाली. तालमी घेणारे होते कमल दासगुप्ता. पन्नाशीच्या दशकात दोघांनी लग्न केले. कमल दासगुप्तांनी इस्लाम स्वीकारून काझी कमालुद्दीन हे नाव घेतले. तहसिन, हामिन आणि शाफिन असे त्यांना तीन मुलगे झाले.

लग्नानंतरची वर्षे मात्र ओढग्रस्तीची होती. चित्रपटसंगीताची चव बदलली होती, तबकड्यांचे केंद्र मुंबईकडे सरकले होते. १९६७ मध्ये हे कुटुंब ढाक्याला गेले. ज्यांच्या नावावर आठ हजारांच्या घरात चाली सांगितल्या जातात, त्या माणसाला तिथे काही काळ किराणा मालाचे छोटे दुकान चालवावे लागले. जुलै १९७४ मध्ये ते ढाक्यातच वारले. फिरोजा बेगम पुढे चाळीस वर्षे गात राहिल्या. सप्टेंबर २०१४ मध्ये त्या गेल्या, तेव्हा बांगलादेशाने राष्ट्रीय पातळीवर शोक केला.

चाल बांधणाऱ्याचे हक्क भारतात कसे विरघळून जात, याचे हे एकच उदाहरण नाही. चित्रपटासाठी पैसे घेऊन गाणे लिहिणारा किंवा बांधणारा त्याचा मालक राहत नाही, वेगळा करार नसेल तर मालकी निर्मात्याची, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. गीतकार-संगीतकारांना स्वामित्वधनाचा काढून न घेता येणारा वाटा मिळायला २०१२ ची कायदादुरुस्ती यावी लागली. कमल दासगुप्तांच्या पिढीला तिचा उपयोग नव्हता.

हॉटेलातला बँड

आता १९७९ च्या ढाक्याकडे येऊ. स्वतंत्र बांगलादेश आठ वर्षांचा झाला होता. १९७५ मध्ये शेख मुजीबुर रहमान यांची हत्या झाली होती आणि सत्ता लष्कराच्या हाती होती. संगीतात मात्र वेगळेच वारे वाहत होते. मुक्तियुद्धात प्रत्यक्ष बंदूक घेऊन लढलेले आझम खान परत आले होते आणि ‘उच्चारण’ या आपल्या बँडसह रस्त्यावरच्या बंगालीत, रांगड्या आवाजात गात होते. रेल्वेरुळाशेजारच्या झोपडपट्टीतल्या आईवरचे त्यांचे गाणे सगळ्या देशाने ऐकले. तिकडे चितगावात ‘सोल्स’ हा बँड उभा राहिला होता. गिटार आणि ड्रमवर बंगाली गाता येते, हे या मंडळींनी सिद्ध केले होते.

माइल्सची सुरुवात या प्रवाहाच्या बाहेर झाली. फरीद रशीद यांच्या पुढाकाराने १९७९ मध्ये जमलेली ही मंडळी इंग्रजी गाणी वाजवत असत, आणि त्यांचे ठिकाण होते ढाक्याचे इंटरकॉन्टिनेंटल हॉटेल. या हॉटेलाला स्वतःचा इतिहास आहे. १९७१ च्या युद्धात परदेशी पत्रकार तिथेच मुक्कामाला होते, मुक्तिवाहिनीच्या तरुणांनी तिथे बॉम्बही टाकले होते आणि युद्धाच्या अखेरीस रेडक्रॉसने ते तटस्थ क्षेत्र जाहीर केले होते. युद्धानंतर तिथे मदतसंस्थांचे अधिकारी, वकिलातीतली माणसे, विमान कंपन्यांचे कर्मचारी आणि शहरातले सुखवस्तू लोक येत. त्यांना हवी होती ती पाश्चात्त्य गाणी, आणि तीही नीट वाजवलेली.

हॉटेलात रोज वाजवणाऱ्या बँडला एक शिस्त लागते. प्रत्येक संध्याकाळी तीच गाणी, तितक्याच स्वच्छपणे वाजवायची असतात. आवाज इतका ठेवायचा की जेवणाऱ्यांना बोलता आले पाहिजे. ढोबळ वाजवून गर्दीच्या उत्साहावर वेळ मारून नेता येत नाही, कारण तिथे गर्दीच नसते. माइल्सच्या पुढच्या सगळ्या संगीतात जी टापटीप ऐकू येते, तिचे मूळ मला या नोकरीत दिसते. सुरुवातीच्या फळीत हॅपी आखंद हा विलक्षण गुणी तरुण होता. तो १९८७ मध्ये ऐन तारुण्यात गेला, तरी ढाक्याच्या बँडसंगीतात त्याचे नाव आजही हळवे होऊन घेतले जाते. हामिन आणि शाफिन हे भाऊ या सुरुवातीच्या वर्षांतच आले. हामिन गिटारवर, शाफिन बास गिटारवर, आणि गाण्याला दोघेही. कीबोर्डवर मानम अहमद आले आणि बँडचा कणा तयार झाला.

१९८२ मध्ये ‘माइल्स’ याच नावाने पहिला अल्बम निघाला. तो इंग्रजीत होता आणि त्यात बहुतेक गाणी इतरांची होती. १९८६ चा ‘अ स्टेप फार्दर’ हाही इंग्रजीच. ज्या देशाचा जन्मच भाषेच्या आंदोलनातून झाला, जिथे २१ फेब्रुवारी हा भाषेसाठी प्राण देणाऱ्यांचा दिवस म्हणून पाळला जातो, तिथे हे खटकणारे होते. आणि हे करत होती कोणाची मुले? नजरुलगीत घराघरांत पोहोचवणाऱ्या बाईची.

बंगालीकडे वळताना

त्या काळी ढाक्यात बँडसंगीताला दूषण देताना एक शब्द वापरला जाई, ‘अपसंस्कृती’. लांब केस, विजेवर चालणारी वाद्ये, इंग्रजी नावे या सगळ्याला मिळून हा एक शब्द पुरत असे. रवींद्र आणि नजरुल यांच्या गाण्यांची शिस्त मानणाऱ्या मध्यमवर्गाला बँड म्हणजे पोरकटपणा वाटे. देशात दूरदर्शनची एकच सरकारी वाहिनी होती आणि तिच्यावर बँडना जागा मिळे ती प्रामुख्याने ईदच्या खास कार्यक्रमांत.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात हे चित्र बदलले. महापुराच्या मदतीसाठी एकत्र आलेल्या बँडनी बांगलादेश म्युझिकल बँड्स असोसिएशन, म्हणजे ‘बामबा’, ही संघटना बांधली. ६ डिसेंबर १९९० रोजी जनआंदोलनापुढे जनरल इर्शाद यांना सत्ता सोडावी लागली. त्यानंतर दहाच दिवसांनी, १६ डिसेंबरच्या विजयदिनी, ढाका विद्यापीठाच्या परिसरात बँडचा खुला जलसा झाला. हॉटेलातून आणि बंदिस्त सभागृहांतून हे संगीत मैदानात आले ते तेव्हा. पुढची दहा वर्षे कॅसेटची होती. एलआरबी, फीलिंग्ज, फीडबॅक, वॉरफेज, सोल्स ही नावे बंगाली तरुणांच्या तोंडी बसली ती याच काळात.

माइल्सचा पहिला बंगाली अल्बम आला १९९१ मध्ये. नाव होते ‘प्रतिश्रुती’, बंगालीत याचा अर्थ वचन. मग १९९३ मध्ये ‘प्रत्याशा’, १९९६ मध्ये ‘प्रत्यय’, १९९७ मध्ये ‘प्रयास’, २००० मध्ये ‘प्रवाह’, २००६ मध्ये ‘प्रतिध्वनी’ आणि २०१५ मध्ये ‘प्रतिच्छबी’. सात अल्बम, सातही नावे ‘प्र’ने सुरू होणारी. मराठी वाचकाला यातले एकही नाव परके वाटणार नाही. अर्थाच्या छटा तेवढ्या थोड्या सरकलेल्या आहेत. आपण ‘प्रत्यय आला’ म्हणतो तेव्हा अनुभव सांगत असतो, बंगालीत प्रत्यय म्हणजे ठाम विश्वास. बँडचे नाव इंग्रजी आणि अल्बमची नावे अस्सल तत्सम, ही निवड सहज झालेली नसावी. बारा वर्षे इंग्रजी गाणाऱ्या बँडने पहिल्या बंगाली अल्बमला ‘वचन’ असे नाव द्यावे, यात मला एक कबुली ऐकू येते.

बंगालीत येताना माइल्सने आपला हॉटेलातला आवाज टाकला नाही. आझम खान यांचा रांगडेपणा त्यांनी उचलला नाही आणि लोकगीतांचा बाजही घेतला नाही. सुबक कीबोर्ड, बासची ठळक ओळ, दोन-तीन आवाजांचे एकमेकांत मिसळलेले गायन आणि मध्यभागी एक लांब, गुणगुणता येणारी चाल, असा त्यांच्या गाण्याचा साचा. ‘चाँद तारा सूर्य’ हे ‘प्रतिश्रुती’तले गाणे ऐकले की तो लक्षात येतो. त्यातली चाल वाद्यांच्या आधाराशिवायही उभी राहते. पाश्चात्त्य रॉकमध्ये बरेचदा गिटारची एक छोटी फिरत आधी सुचते आणि गाणे तिच्याभोवती वाढते. इथे चाल आधी आहे आणि वाद्ये तिच्या सोयीने बसवलेली आहेत. शाफिन यांचे लहानपणीचे शिक्षण वडिलांकडे शास्त्रीय संगीताचे आणि आईकडे नजरुलगीताचे झाले होते. तबकडीच्या साडेतीन मिनिटांत मुखडा, अंतरा आणि ठसठशीत शेवट बसवण्याची वडिलांची कारागिरी मुलांच्या गाण्यांत उतरली, असे माझे मत आहे. याला कागदी पुरावा नाही. ‘तसवीर तेरी’ आणि ‘फिरिये दाओ’ लागोपाठ ऐकणे हाच काय तो पुरावा. दोन्ही गाण्यांत स्वर हळूहळू चढतो आणि ज्या शब्दावर दुःख आहे, तिथेच येऊन टेकतो.

खटला

‘फिरिये दाओ’ १९९३ च्या ‘प्रत्याशा’तले. ढाक्यात ते लागलीच गाजले आणि कॅसेटवरून सीमा ओलांडून पश्चिम बंगालात पोहोचले. दोन्ही बंगालांतल्या तरुणांनी एकच गाणे एकाच वेळी म्हणावे, हे फाळणीनंतर रवींद्र-नजरुल सोडून फार कमी जणांच्या वाट्याला आले. एप्रिल २००४ मध्ये ‘मर्डर’ प्रदर्शित झाला तेव्हा कोलकात्यात ते गाणे ऐकताच ओळखणारे श्रोते म्हणूनच होते.

इथे कायद्याचा एक मुद्दा सोपा करून सांगायला हवा. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाणे ही एक वस्तू नाही, तीन आहेत. शब्द ही साहित्यकृती, चाल ही सांगीतिक कृती आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी. तिघांचे मालक वेगवेगळे असू शकतात. त्यामुळे शब्द बदलून हिंदी केले, गायक नवा घेतला, वाद्ये पुन्हा वाजवली, तरी चाल तीच असेल तर चालीच्या मालकाचा हक्क शिल्लक राहतो. ‘आम्ही फक्त प्रेरणा घेतली’ हा नेहमीचा बचाव इथेच अडकतो. दुसरा मुद्दा देशाच्या सीमेचा. बांगलादेश १९९९ मध्ये बर्न कराराचा सदस्य झाला आणि २००० मध्ये त्याने स्वतःचा नवा कॉपीराइट कायदा केला. भारत या कराराचा जुना सदस्य. एका सदस्य देशातल्या कलाकृतीला दुसऱ्या सदस्य देशात तिथल्या नागरिकाइतकेच संरक्षण मिळते. ढाक्याच्या बँडने कोलकात्यात दाद मागावी याला त्यामुळे भक्कम आधार होता. सारेगामाचे नोंदणीकृत कार्यालयही कोलकात्यातच.

या आदेशाने मुंबईच्या सवयी रातोरात बदलल्या, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण दोनच वर्षांनी, २००६ मध्ये, ‘मर्डर’च्याच निर्मात्यांच्या ‘गँगस्टर’ चित्रपटात एक गाणे आले. त्याची चाल कोलकात्याच्या ‘महीनेर घोडागुली’ या जुन्या बँडच्या परंपरेतल्या गाण्याची, आणि गायला थेट ढाक्याचे रॉकगायक जेम्स. त्यांनी पुढे ‘वो लम्हे’ आणि ‘लाइफ इन अ मेट्रो’साठीही गाणी म्हटली. ढाक्याचा आवाज आता नाव घेऊन मुंबईत येत होता, हा फरक लहान म्हणता येणार नाही. बामबाचे अध्यक्ष या नात्याने हामिन अहमद यांनी पुढे अनेक वर्षे बांगलादेशातल्या कलावंतांच्या स्वामित्वहक्काचा प्रश्न लावून धरला. मोबाइलच्या रिंगटोनपासून यूट्यूबपर्यंत गाणी विकली जाऊ लागली होती आणि पैसा मधल्या माणसांकडे थांबत होता, हे त्यामागचे कारण.

दोन्ही बंगालांमधली ही देवाणघेवाण सरळ मात्र राहिली नाही. समाजमाध्यमांवरच्या भारतविषयक मजकुराबद्दल कोलकात्याच्या एका बँडने आक्षेप घेतला आणि ऑगस्ट २०१६ मध्ये तिथल्या ठरलेल्या जलशात माइल्सला गाता आले नाही. ज्या शहरात त्यांच्या आईवडिलांची तबकडी तयार झाली, जिथल्या न्यायालयाने त्यांच्या चालीला अभय दिले, त्याच शहरात हे घडले.

नाव कोणाचे?

चाळीस वर्षे टिकलेल्या बँडमध्ये माणसे बदलतात. संस्थापक गेले, वादक आले-गेले. इक्बाल आसिफ जुएल आणि तुर्य यांच्यासारखे नंतर आलेले वादक पुढे जुने होऊन गेले. पण माइल्समधली खरी फूट दोन भावांमधली होती. शाफिन २०१० मध्ये बाहेर पडले, परत आले, २०१७ मध्ये पुन्हा दुरावले, पुन्हा परतले. २०१९ मध्ये बँडची चाळीस वर्षे साजरी झाली तेव्हा दोघे एकाच मंचावर होते, देशात आणि परदेशांतही. २०२१ च्या अखेरीस शाफिन यांनी कायमचा निरोप घेतला. आपल्याशिवाय माइल्स हे नाव पुढे चालवू नये, अशी त्यांची अपेक्षा होती. उरलेल्यांनी नाव सोडले नाही. लोकांनी ज्या आवाजाला ‘माइल्स’ म्हणून ओळखले, तो आवाज आता स्वतंत्रपणे त्याच गाण्यांचे कार्यक्रम करू लागला.

जुलै २०२४ मध्ये शाफिन अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. व्हर्जिनियात कार्यक्रमापूर्वी त्यांची प्रकृती बिघडली आणि तिथल्याच रुग्णालयात त्यांचे निधन झाले. वय ६३. त्या आठवड्यात बांगलादेश विद्यार्थी आंदोलनाने पेटला होता, ढाक्यात संचारबंदी होती आणि इंटरनेट बरेचसे बंद होते. एका पिढीच्या आवडत्या गायकाची बातमी त्या गदारोळात पोहोचली. वडील जुलैमध्ये गेले होते, त्याला बरोबर पन्नास वर्षे होत होती.

या सगळ्यातून एक धागा मला स्पष्ट दिसतो. कमल दासगुप्तांनी हजारो चाली बांधल्या आणि त्या चालींवर त्यांचा हक्क राहिला नाही. मुलांनी एका चालीसाठी परदेशातल्या न्यायालयाची पायरी चढली आणि तिथे त्यांचे ऐकून घेतले गेले. पण बँडचे नाव कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर त्यांना एकमेकांकडून मिळाले नाही. चाल कोणी बांधली, हे कागदावर सिद्ध करता येते. एकत्र वाजवलेल्या चाळीस वर्षांचे वाटे कसे पाडायचे, हे कुठल्याही कायद्यात लिहिलेले नाही.

‘तूफान मेल’ची तबकडी आजही जुन्या बाजारात मिळते. ती घेणारे कानन देवींसाठी घेतात. पुढच्या वेळी कोणाच्या हाती आली, तर त्या गाण्याला चाल देणाऱ्याचे नावही म्हणावे, एवढे या लेखाच्या निमित्ताने सुचवतो.